कच्ची आवृत्ती

वसमतच्या मोंढ्यात बाबांची आडत,
आडतीच्या वरच्या खोलीत माझं टेबल,
टेबलावर कंपनीनं कुरिअरनं पाठवलेला पडदा,
बोटानं चालणारा.
त्यात एक नवी कार्यप्रणाली,
जिला अजून नावसुद्धा नाही,
नुसता आकडा. दर मंगळवारी रात्री बदलणारा.

मोडून दाखवायचे पैसे मिळतात मला.
खाली हे कुणाला पटत नाही.
"चांगली वस्तू मोडायचा पगार?"
मौलाचाचा मापाडी विचारतात, काट्यावरची नजर न हलवता.
लोकांच्या हातात जायच्या आधी
माझ्या हातून मोडलेली बरी, चाचा.
"मग कच्ची हाय म्हन की.
शिजवायची ऱ्हायली."

यादी समोर ठेवून बोटं चालवते.
एक बोट दाबून धरलं: मेनू.
दोन बोटं फाकवली: खिडकी मोठी.
तीन बोटं वर नेली: सगळ्या खिडक्या
थप्पीतल्या पोत्यांसारख्या ओळीनं उभ्या.
डाव्या कडेवरून आत ओढलं: काही नाही.
पुन्हा ओढलं. काही नाही.
तिसऱ्यांदा सगळं एकदम,
जेवणं उरकल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं.
नोंद केली. वेळ, आकडा, कोणतं बोट.

एप्रिलच्या दुपारी वीज जाते.
पडदा बॅटरीवर, मी घामावर.
कपाळावरचा थेंब पडद्यावर पडतो
आणि तिला वाटतं कुणी हाक मारली.
फाईल उघडते, मिटते, उघडते.
ओढणीच्या टोकानं पुसायला गेले
तर विचारते, कायमचं काढून टाकायचं का?

फॉर्मात पर्याय तीन: किरकोळ, गंभीर, अतिगंभीर.
घाम कशात बसतो ते ठरेना.

आणि पडद्यावरच्या कीबोर्डात ळ नव्हता.
तक्रार त्याच कीबोर्डवर करायची,
म्हणजे जे हरवलं तेच लिहिता येईना.
लिहिलं: हलदीमधलं अक्षर. जीभ मागे वलवून म्हणतात ते.
दोन दिवसांनी कुठल्याशा थंड देशातून प्रश्न आला,
हे अक्षर साधारण किती वेळा लागतं?

मी खिडकीतून खाली पाहिलं.
हळद. काळी माती लागलेले टायर.
जवळा बाजारची गाडी, मागे गूळ, वर झोपलेला बाळू.
उत्तर लिहिलं: रोज.

कौसाबाई झाडू घेऊन वर आली.
दिवसभर हळद घोळणाऱ्या पिंपापाशी असते,
मनगटापर्यंत पिवळी.
"बघू," म्हणाली, आणि
अख्खा तळहात पडद्यावर ठेवला.

काही झालं नाही.
व्हायचंच नव्हतं. यादीत तेरावं कलम आहे:
टेकलेला तळहात नाकारणे.
मी बरोबरची खूण केली. हिरवी.

"माझा हात न्हाई चालत व्हय?"
चालतो की मावशी. एकेक बोट लाव.
अंगठा. नाही.
तर्जनी, भेगांवर भेगा. नाही.
मधलं बोट तिनं पदराला पुसलं, तरी नाही.
शेवटी करंगळी,
जी घोळताना, निवडताना, पोती शिवताना
कधी कामाला लागलीच नव्हती,
ती टेकली, आणि खिडकी उघडली.
"आळशीच निघाली कामाची,"
कौसाबाई हसत खाली गेली. झाडू माझ्याकडेच राहिला.

पडद्यावर पाच बोटांचा पिवळा ठसा.
त्याचा फोटो काढून फॉर्मला जोडला.
किरकोळ, गंभीर, अतिगंभीर.
या वेळी फार विचार केला नाही.

मंगळवारी रात्री नवा आकडा आला.
कडेवरून ओढलं की आता लगेच येतं.
ठशाबद्दल एका ओळीचं उत्तर:
अपेक्षेप्रमाणे चालू आहे.
मी तीच तक्रार पुन्हा उघडली.
खाली रात्रीचा ट्रक भरत होता.

"शिजली का गं?" मौलाचाचा.
नाही चाचा. पण ळ आला.
"कोन आला?"
ळ, चाचा, ळ!
काटा हलला असावा. पुढं काही बोलले नाहीत.